रात्री अकरानंतरच्या चुका

एप्रिलच्या शेवटी भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन बंद पडत नाही, हँग होत नाही, गेम मस्त चालतात. फक्त वर्ग चुकतायत."

मला वाटलं, कॉलेजचे तास बुडतायत. "कुठले वर्ग?"

"संख्यांचे. स्क्वेअर."

माझी हयात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. बंद पडलेलं यंत्र मला कधी भीतिदायक वाटलं नाही. ते निदान कबूल तरी करतं की माझं काहीतरी बिनसलंय. चालू राहून खोटं बोलणारं यंत्र मात्र माणसाला जेरीस आणतं. मी म्हटलं, "जूनमध्ये येतोच आहे ताईकडे. तोवर काही उघडू नकोस." त्यानं अर्थातच उघडलं.

ताई जयपूरला आदर्श नगरात राहते. दाजींची बदली झाली म्हणून गेले आणि तिथलेच झाले. जुन्या शहराच्या तटाबाहेर, आग्नेयेला ही वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांनी ती वसवली. एका अंगाला राजा पार्कचा बाजार, दुसरीकडे मोती डुंगरी, आणि मध्ये ते दसरा मैदान, जिथला रावण पाहायला सगळं जयपूर लोटतं. ताईच्या घरावर गच्चीला लागून एक खोली आहे. वर थेट स्लॅब, पश्चिमेला खिडकी, खिडकीत वाळ्याच्या जाळ्यांचा मोठा कूलर. भाच्याचं साम्राज्य तिथे. टेबलावर काचेच्या पेटीतला संगणक, आत रंगीत दिवे. दाजी त्याला 'गणपतीचा मखर' म्हणतात.

हा मखर चोवीस तास चालू असतो, आणि तो मूळ संख्या शोधत असतो.

मूळ संख्या शाळेत सगळ्यांनीच शिकल्यात: १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानंच भाग न जाणारी. त्यात एक खास जात आहे. २ चा कुठलातरी घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ३, ७, ३१, १२७ या त्यातल्या लहान. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानं १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी छापली, म्हणून त्या मर्सेन संख्या. त्या यादीतही चुका होत्या. ६७ आणि २५७ हे घात त्यानं उगाच घातले, ६१, ८९ आणि १०७ हे सुटले. म्हणजे या विषयाची सुरुवातच चुकीच्या उत्तरानं झाली.

जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन या अमेरिकी प्रोग्रॅमरनं एक प्रकल्प काढला: ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च. जगभरच्या लोकांनी आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ द्यायचा, प्रत्येकानं एकेक घात तपासायचा. आधी असं काम महासंगणकांचं मानलं जाई. पुढची २८ वर्षं घराघरांतल्या साध्या संगणकांनी हा मान राखला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यानं भाड्यानं घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांच्या जोरावर १३,६२,७९,८४१ हा घात पकडला. ती संख्या लिहायची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. डब्लिनमधल्या एका प्रोसेसरनं आधी 'बहुधा मूळ' म्हटलं, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सान अँटोनिओच्या दुसऱ्या प्रोसेसरनं वेगळ्या पद्धतीनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका यंत्राच्या शब्दावर कुणी पेढे वाटले नाहीत, हे ध्यानात ठेवा.

"आणि सापडली तर काय मिळतं?" दाजींचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. मिळतात ३,००० डॉलर. सापडण्याची शक्यता मात्र लॉटरीच्या जवळपासची. संगणक सरासरी २०० वॅट ओढतो असं धरलं तर महिन्याला १४४ युनिट होतात, हे दाजींनी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं होतं. माझा कल अर्थातच भाच्याकडे. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर अंकांशी खेळत बसले, त्यांनाही कुणीतरी हे विचारलंच असणार. त्यांचा ६१७४ आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो.

संगणक नेमकं काय करतो ते इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. तो एका संख्येचा वर्ग करतो, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवतो, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करतो. असं सुमारे १३ कोटी वेळा. दर वेळची संख्या जवळपास ४ कोटी अंकांची. एवढा गुणाकार आडवा-उभा मांडून होत नाही. त्यासाठी फूरिए रूपांतर नावाची युक्ती वापरतात आणि हिशेब दशांशांत करतात. शेवटी प्रत्येक उत्तर पूर्णांकाजवळ यायला हवं. २.०१ आलं तर २ समजायचं. पण २.४ यायला लागलं तर ते २ की ३ याचा भरवसा उरत नाही, आणि प्रोग्रॅम तिथे ओरडतो.

१३ कोटी पायऱ्यांपैकी सात कोटी चाळीस लाखाव्या पायरीवर एका बिटात ० चा १ झाला, तर पुढचं सगळं वाया. आणि ते वाया गेलेलं दिसतही नाही. अंक तसेच भरभर पळत राहतात. आठवड्याभरानं उत्तर येतं: 'मूळ नाही.' बहुतेक संख्या मूळ नसतातच, त्यामुळे उत्तर पटतंही.

आता ओव्हरक्लॉकिंग. मला ते नेहमी लेझमीच्या भाषेत समजवावं लागतं. हलगीच्या ठेक्यावर पन्नास पोरं पाऊल टाकतायत. हलगीवाला ठेका वाढवत नेतो. पुढची चपळ पोरं साधून घेतात. पण एका ठेक्यावर शेवटच्या रांगेतल्या पोराचं पाऊल जमिनीला टेकायच्या आत पुढचा ठेका पडतो, आणि रांग मोडते. प्रोसेसरमध्ये ठेका म्हणजे क्लॉक. प्रत्येक ठोक्याच्या आत विजेचा संकेत एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत पोचलाच पाहिजे. कंपनी थोडी सवड राखून ठेका ठरवते. हौशी लोकांना ती सवड वाया गेल्यासारखी वाटते. ते ठेका वाढवतात, आणि मागच्या रांगेला धावता यावं म्हणून व्होल्टेजही वाढवतात. व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. ठेका १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर खर्च ३३ टक्क्यांनी चढतो. आणि चिप तापली की संकेत पुन्हा मंदावतात. मग आणखी व्होल्टेज. हे सावकाराच्या व्याजासारखं आहे.

भाच्यानं हे सगळं जानेवारीत केलं होतं. चोवीस तास परीक्षा घेतली, एक चूक नाही. जयपूरच्या जानेवारीत गच्चीवरच्या खोलीत पहाटे हाताला हात लागत नाही, इतका गारठा. "मग ते स्टेबल झालं ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "जानेवारीत झालं."

मी पोचलो तेव्हा दुपारचा पारा ४४ वर. पहिल्याच संध्याकाळी त्यानं नोंदवही उघडून दाखवली, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः लिहून ठेवतो ती लॉग फाइल. मी वेळांवर बोट फिरवत गेलो आणि चक्रावलो. दुपारी दोन, तीन, चार, जेव्हा बाहेर लू भाजून काढते, तेव्हा एकही चूक नाही. चुका रात्री अकरानंतर. २३.२०, ०.४५, १.१०. पहाटे तीननंतर पुन्हा शांत.

जयंती मार्केटमधल्या एका कारागिराकडे भाचा माझ्या आधीच जाऊन आला होता. त्यानं प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, धूळ उडवली, हे चांगलंच केलं. राजस्थानात एक आंधी आली की पंख्याच्या पात्यांवर पिठासारखा थर बसतो. निदान मात्र एका वाक्यात दिलं: "भैया, दिन में बिगड़े तो गर्मी, रात में बिगड़े तो बिजली." वाक्य इतकं घोटीव की कुणालाही पटावं. रात्री गल्लीतले सगळे एसी चालू होतात, दाब खालीवर होतो, हेही खरं. भाच्यानं त्यावर नवा यूपीएस घेतला. चुका तशाच.

मला स्वतःला संशय प्रोसेसरच्या ठेक्यावर होता. आमच्या पिढीला तरुणांच्या वेगावर संशय घ्यायला कारण लागत नाही. शिवाय शास्त्रीय आधारही होता. सगळे कोअर एकदम मोठ्या गणिताला भिडले की प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज क्षणभर खचतं, घरात गिझर लावल्यावर दिवा मंद होतो तसं, आणि त्या क्षणी मागच्या रांगेचं पाऊल चुकतं. आम्ही ठेका ३०० मेगाहर्ट्झनं उतरवला. त्या रात्रीही चुका आल्या. आणखी उतरवला. तरी आल्या. दोन रात्री माझ्या हट्टापायी गेल्या, हे कबूल करतो.

पण त्या दोन रात्रींत एक गोष्ट आपोआप कळली. ठेका उतरवूनही कामाचा वेग जवळजवळ घटलाच नाही! चार कोटी अंकांची संख्या प्रोसेसरच्या पोटात मावत नाही. ती सारखी मेमरीतून आणायची आणि परत ठेवायची. म्हणजे स्वयंपाकघरात दहा आचारी, आणि कोठीतून शिधा आणणारा गडी एक. आचाऱ्यांना कितीही पळवा, पंगत गड्याच्या चालीनंच उठणार. पोरानं सहा महिने ज्या वेगासाठी एवढं व्होल्टेज जाळलं, तो वेग या कामाला लागतच नव्हता. हे ऐकून दाजींना झालेला आनंद मी इथे वर्णन करत नाही.

मग मी जुन्या पद्धतीवर आलो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदललेलं कागदावर लिहायचं. मशीन उचलून खाली तळमजल्यावर ताईच्या देवघराशेजारी लावलं. तीच वीज, तोच यूपीएस, त्याच सगळ्या सेटिंग्ज. तीन रात्री एकही चूक नाही. पुन्हा वर नेलं, पहिल्याच रात्री दोन. कारागिराचं वाक्य निकालात निघालं. विजेचा संबंध नव्हता. खोलीचा होता.

त्या रात्री जेवणानंतर मी वर गेलो. भाचा साडेदहाला खाली झोपायला येतो आणि येताना कूलर बंद करतो, कारण टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा चालला तर जळतो. हे इतकं रोजचं होतं की सांगावं असं त्याला सुचलंच नव्हतं. मी दार लोटून आत बसलो आणि पाच मिनिटांत डोक्यावर तवा ठेवल्यासारखं झालं. हात वर करून स्लॅबला लावला. दिवसभर प्यायलेलं ऊन तो आता परत देत होता. दुपारी कूलरची ओली हवा संगणकाला मिळत होती. रात्री कूलर बंद, खिडकी बंद, आणि वर ही सिमेंटची भट्टी. अकरा वाजता खोलीत ४१ अंश होते. राजस्थानात लोक पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी गच्चीवर पाणी का शिंपडतात, हे मला ठाऊक होतं. तेच संगणकाला लागू पडेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

तरी प्रश्न उरलाच. प्रोसेसरचं तापमान त्या वेळीही ठीक होतं. त्याला पाण्याचं कूलिंग होतं, नळ्या आणि रेडिएटर लावलेलं. मग तापत काय होतं? पेटीचं झाकण काढून टेबल-फॅन लावला: चुका थांबल्या. मग पुठ्ठ्याचं नरसाळं करून वारा एकेका भागावर सोडला. मेमरीच्या पट्ट्यांवर सोडला तेव्हा चुका थांबलेल्या राहिल्या, इतरत्र सोडला की परत आल्या. पूर्वी प्रोसेसरवर उभा पंखा होता, त्याचा झोत जाता जाता मेमरीवरही जाई. पाण्याचं कूलिंग बसवलं आणि तो फुकटचा वारा गेला.

शेवटचा धागा सेटिंग्जच्या खोल पानावर निघाला. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो गळतो. पाझरणारा माठ समजा. रिकामा व्हायच्या आत भरत राहिला पाहिजे. या भरण्याला रिफ्रेश म्हणतात. नेहमीच्या डीडीआर-४ मेमरीत सगळे माठ दर ६४ मिलिसेकंदांत एकदा भरले जातात. भरणं चालू असताना मेमरी दुसरं काम करत नाही, म्हणून वेगाचे शौकीन ही पाळी लांबवतात. भाच्यानं ती सेटिंग चालेल तितकी ताणली होती: ६५,५३५ ठोके. मी हिशेब मांडला. त्याच्या ३६०० च्या मेमरीत पाळी यायला ६४ च्या जागी जवळपास ३०० मिलिसेकंद लागत होते. थंडीत माठ हळू पाझरतो, त्यामुळे जानेवारीत निभावलं. उष्णतेत गळती वाढते. ८५ अंशांच्या वर मेमरी गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करा, असं मानकच सांगतं. यानं पाचपट कमी केलं होतं, वर स्लॅब, खाली वारा नाही.

सेटिंग मूळपदावर आणली, मेमरीसमोर एक छोटा पंखा बसवला, प्रोसेसर कंपनीच्या ठेक्यावर नेला. मेमटेस्ट रात्रभर चालवली, मुद्दाम वरच्या खोलीत, मुद्दाम कूलर बंद ठेवून. शून्य चुका. वेग किती कमी झाला? इतका थोडा, की दोघांनाही सांगायला लाज वाटावी.

एवढं सगळं झालं, पण मुळात चुका कळल्या कशा? गेम चालत होते, सिनेमे चालत होते. गेममध्ये एखाद्या झाडाच्या पानाचा रंग एका फ्रेमपुरता चुकला तर कुणाच्या लक्षात येतं?

कळल्या त्या ताळ्यामुळे. आमच्या शाळेत गुणाकार झाला की गुरुजी नवाचा ताळा घ्यायला लावत. ४७ गुणिले ८३ म्हणजे ३९०१. चार नि सात अकरा, म्हणजे दोन. आठ नि तीन अकरा, म्हणजे दोन. दोन दुणे चार. तीन नि नऊ, शून्य, एक मिळून तेरा, म्हणजे चार. जमला. ताळा उत्तर सिद्ध करत नाही. ३०९१ लिहिलं तरी तो जमतोच, आणि आमच्या वर्गातल्या एकानं त्या भरवशावर एक अख्खं वर्ष काढलं. पण पुष्कळशा चुका तो फुकटात पकडतो. रॉबर्ट गेर्बिच या हंगेरियन गणितज्ञानं मर्सेनच्या या वर्गांच्या साखळीसाठी असाच, पण कितीतरी कडक ताळा शोधला. काम चालू असतानाच ठरावीक पायऱ्यांनी एक जोडहिशेब ठेवायचा आणि अधूनमधून मुख्य हिशेबाशी पडताळायचा. जुळला नाही तर शेवटच्या जुळलेल्या जागेपर्यंत मागे जायचं. याचा खर्च एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. २०१७ पासून तो वापरात आला. २०२० पासून तर कामाबरोबर उत्तराचा पुरावाही पाठवता येतो, आणि दुसऱ्या यंत्राला तो थोडक्यात तपासता येतो. त्याआधी एकच संख्या दोन वेगवेगळ्या घरी पूर्ण तपासावी लागे, आणि उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्या घरी.

गेर्बिचच्या ताळ्यामुळे भाच्याच्या नव्या चाचण्यांची उत्तरं बिघडली नाहीत. फक्त मागे जाण्यात तास वाया गेले. पण त्यानं हौसेनं जुन्या पद्धतीच्या दोन फेरतपासण्या घेतल्या होत्या, त्यांना हा ताळा नव्हता. त्यातली एक जुळली नव्हती. म्हणजे जगात कुणा तिसऱ्याच्या संगणकानं तो हिशेब पहिल्यापासून पुन्हा केला असणार. मला ओव्हरक्लॉकिंगचा राग नाही. स्वतःच्या गेमसाठी हवं तेवढं तापवा, पडलं तर तुमचंच पडेल. पण दुसऱ्याच्या वहीत आकडे लिहायला बसलात, तर तो वेग तुमच्या मालकीचा राहत नाही.

हे पोराला समजायला वेळ लागला, आणि त्याला कारणही होतं. त्याआधी तो आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पात होता. तिथे २००५ पासून हौशी लोकांचे संगणक गुरुत्वलहरींच्या आणि दुर्बिणींच्या नोंदी चाळतात. २०१० मध्ये त्यातून एक नवा पल्सार सापडला: अमेरिकेतल्या आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्ट्‌सचा एक जण, यांच्या संगणकांवर. तीच विद्या आता आपल्या दाराशी येते आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची अंतिम मंजुरी मिळाली. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा वेचायचा यावर हयात घालवली. आइन्स्टाइन ॲट होममध्ये एकाच कामाची दोन यंत्रांची उत्तरं जुळावी लागतात. भाच्याची मधूनमधून 'अमान्य' ठरत. "मला वाटायचं, समोरच्याचंच मशीन खराब आहे," तो म्हणाला. घरात दोन माणसं असली की असं वाटतंच.

आणि कधीकधी समोरचाच खरंच चुकतो, हेही खरं. १९९४ मध्ये व्हर्जिनियातले थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. बेरीज जुळेना. त्यांनी महिनोन्‌महिने आपला प्रोग्रॅम, आपला संगणक, आपली मेमरी तपासली, आणि शेवटी चूक निघाली पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात. आत एक तक्ता होता, त्याच्या पाच घरांत आकडेच भरायचे राहिले होते. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा खड्डा पडला. २०१६ मध्ये मर्सेन शोधणाऱ्यांनीच त्याच कंपनीच्या स्कायलेक प्रोसेसरातला दोष उघड केला. एका विशिष्ट घाताच्या हिशेबात तो गोठत असे. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी लिहिलं की त्यांच्या एका सर्व्हरचा एकच कोअर १.१ चा ५२ वा घात १४२ असा बरोबर काढी, आणि ५३ व्या घाताचं उत्तर १५६ ऐवजी शून्य देई. त्यामुळे फायली गुपचूप गहाळ होत होत्या. त्या यंत्राचा ठेका कुणी वाढवला नव्हता. कुठलाही दिवा लाल झाला नव्हता.

रविवारी भाचा मला दुचाकीवर जंतर मंतरला घेऊन गेला. पाव तासाचा रस्ता. ऊन चढायच्या आत सम्राट यंत्रापाशी उभे होतो. सुमारे २७ मीटर उंचीचा तो दगडी काटा, आणि त्याची सावली संगमरवरी पट्टीवरून डोळ्यांदेखत सरकते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. सावलीची कड मात्र धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नाही, बिंब आहे. वेध घेणारे दोरा किंवा काडी धरून त्या धूसर पट्ट्यात नेमकी जागा शोधत.

सवाई जयसिंगानं आपल्या ग्रहकोष्टकांच्या प्रस्तावनेत ही प्रचंड बांधकामं का केली ते सांगितलंय. आधी त्यानं पितळेची यंत्रं केली होती. ती लहान पडत, त्यांच्या आसांची झीज होई, मध्य सरके, पातळी ढळे. म्हणून दगड आणि चुना. आणि पुढे त्यानं लिहिलंय की दिल्लीतल्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून जयपूर, मथुरा, बनारस आणि उज्जैनलाही तशीच यंत्रं उभारली. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला. "म्हणजे यानं पाच ठिकाणी तेच काम पाठवलं!"

जयसिंगाच्या दरबारी जगन्नाथ सम्राट होते, मूळच्या महाराष्ट्रातल्या वैदिक घराण्यातले. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. जयसिंगानं पोर्तुगालला माणसं पाठवून फ्रेंच खगोलज्ञ ला इरची कोष्टकं मागवली, ताळा घेतला, आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक दाखवून दिली. चूक खरी होती. कारण मात्र त्यानं सांगितलं की फिरंग्यांची यंत्रं आकारानं लहान असतात. माझ्या मते तिथे तो त्या जयंती मार्केटच्या कारागिरासारखा आणि माझ्यासारखा घसरला. युरोपात तोवर यंत्रांवर दुर्बिणी बसल्या होत्या, आकाराचा मुद्दा मागे पडला होता. चूक सापडणं आणि चुकीचं कारण सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं ताळ्यानं होतं. दुसऱ्यासाठी मशीन उचलून तळमजल्यावर न्यावं लागतं.

आपल्या घरीही कुणी असं काम करत असेल तर दोन गोष्टी सांगतो. परीक्षा थंडीत घेऊ नका. मे महिन्यात घ्या, पंखे बंद ठेवून, आणि ज्या वेळी खोली सर्वांत तापते त्या वेळी. ती वेळ दुपारचीच असेल असं नाही. आणि मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल, जे दुकानदार 'ऑन करून दिलंय' म्हणतो, तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे.

हा लेख पाठवायच्या आदल्या दिवशी भाच्याचा निरोप आला. दुरुस्तीनंतरची तिसरी चाचणी पूर्ण झाली. सुमारे १३ कोटी पायऱ्या, ताळ्यात एकही चूक नाही, पुरावा दुसऱ्या यंत्रानं तपासून मान्य केला. संख्या संयुक्त निघाली. पुढचं काम आलं आहे.